एडनचं विमान आणि तुडीलचा कौल

त्या दुपारी तुडीलच्या देवळात मुंगीला शिरायला वाट नव्हती. का, तर येसाजी भगताने म्हणे आकाशातलं विमान धरून ठेवलं होतं! सावित्री खाडीपलीकडची माणसंसुद्धा होड्या करून आली. दिसत काय होतं, तर भगताचे गरगरणारे डोळे.

झालं होतं एवढंच. आमच्या बनुबाईचा सोनबा दर्यापार एडनला एका साहेबाकडे स्वयंपाकी. म्हातारी तापाने फणफणली, छाती घरघरू लागली, तशी मी, गावचा शाळामास्तर, त्याला तार केली. साहेब भला माणूस, त्याने विमानाचं तिकीट काढून दिलं. पण उलट तार आली, 'विमान बिघडले. दुरुस्त होताच निघतो.'

"विमान जमिनीवरच आहे, बाबांनो!" सांगून सांगून माझा घसा सुकला. "भरती लागलीय, म्हातारीला होडीत घाला. महाडला डॉक्टरकडे नेऊ."

येसाजी उसळला. "मास्तर, इमान काय आपसूक बिघडतं? करणी हाय! देवीनं धरलंय म्हणून सोनबा जित्ता हाय. म्हातारीनं उंबरा वलांडला का इमान दर्यात! इचारा कौल!"

देवीच्या दगडाला दोन्ही बाजूंना तांदळाचे ओले दाणे चिकटवले. उजवा पडला तर न्यायचं, डावा पडला तर नाही. भगत घुमला, नाचला, मधेच समई जरा सरकवली. डावा पडला.

मी धावत बनुबाईकडे गेलो. धाप लागलेली, तरी तिने हात जोडले. "नको रे मास्तरा. माज्यापायी पोराचं इमान पडलं तर? मी हितंच बरी."

पुढची भरती यायच्या आत ती गेली.

दोन दिवसांनी सोनबा आला, आईसाठी आणलेला खजूर काखोटीला मारून. मी त्याला घडलं ते सगळं सांगतोय, तोच येसाजी निर्लज्जासारखा पुढे. "बघ, देवीनं तुला सुखरूप आणला!"

"देवीनं?" सोनबा त्याच्याकडे वळला. "इंजिनातनं तेल गळत व्हतं. आमाला खाली उतरवलं. मी कप्तानाच्या पाया पडलो, आय मरतेय म्हटलं. तो म्हणाला, बिघाड निघाल्याबिगर उडवणार नाय. लय शिव्या घातल्या मी त्याला. मग मेस्त्र्यांनी इंजिन खोललं, नवा भाग घातला, तवा उडालं. तिथं कुणी दाणे नाय लावले, भगता."

मी सगळ्यांना देवळात नेलं. दाणे लावले, समई उजवीकडे सरकवली. थोड्या वेळाने उजवा दाणा पडला. मग डावीकडे सरकवली, डावा पडला.

"ओला दाणा चिकटतो, आच लागून वाळला की सुटतो," मी म्हटलं. "देवी काही बोलली नाही. समई बोलली."

"कुणाचा तरी इटाळ झाला असंल..." येसाजी पुटपुटला. एरवी लोक हसले असते. त्या दिवशी कुणाला हसू आलं नाही.

सोनबा देवळाच्या पायरीवर मटकन बसला. "लोखंडाच्या इमानाला मेस्त्री बोलावला रे त्यांनी," तो हुंदके देत म्हणाला. "आन माज्या आयला तुमी भगत बोलावला."

मी त्याच्या शेजारी उभा राहिलो. बोलायलाच हवं होतं. "लोकहो, देवीला हात जोडा, माझी ना नाही. पण छाती घरघरली की आधी होडी सोडा. भरती कौलासाठी थांबत नाही."