पेरांपर्यंत पाणी

दारफाळणीचा, म्हणजे योम किप्पूरचा रोजा, त्यात ऑक्टोबरचं ऊन. आम्हा बेने इस्राएल ज्यूंना या दिवशी अन्नपाणी नाही, आंघोळ नाही, चूळसुद्धा नाही. सकाळी फक्त बोटं ओली करायची, तीही पेरांपर्यंत. भाऊ एलायजा पांढरे कपडे घालून पनवेलच्या सिनेगॉगमध्ये बसला होता, पंख्याखाली. अंथरुणाला खिळलेल्या आईपाशी मी.

दुपारी तिसऱ्यांदा तिची चादर बदलली, तिला पुसून काढलं. आजाऱ्याला सगळं माफ असतं. आणि रोजा असला तरी बरबटलेले हात धुता येतात. मी ते धुतले आणि नळाखाली जरा जास्तच वेळ धरले.

"स्वच्छ झाले ना? मग नळ बंद कर!" आई खाटेवरून ओरडली.

माझं नाव विसरते बाई, हे नाही विसरत. लहानपणी रोजाला चूळ भरली म्हणून मुस्काटात दिली होती.

मी तणतणत तिच्याशेजारी जाऊन बसले. घामानं डोळे चुरचुरत होते. आईनं उशाशी ठेवलेल्या तिच्या पाण्याच्या वाडग्यात हात बुडवला आणि ओला तळवा माझ्या तोंडावरून फिरवला.

"आई, रोजा आहे माझा!"

"तू कुठं धुतलंस?" ती म्हणाली. "माझा हात ओला होता."