तीस जुड्या कमी

सोजरबाईला अक्षर येत नव्हतं, पण आकड्यात तिला कुणी फसवून दाखवावं. विड्या वळणाऱ्या बाईला आकडा यावाच लागतो. पंचवीस विड्यांची एक जुडी, चाळीस जुड्यांचा हजार, आणि हजार भरल्याशिवाय दिवस सरत नाही. पंचविसाच्या जागी चोवीस निघाल्या तर कारखान्यातला चेकर अख्खी जुडी अंगावर फेकतो. तिथं मोजता न येणारीचं काम नाही.

साखरपेठेतल्या त्यांच्या चाळीत दुपारी जेवणं झाली की सोजरबाई धरून पाच बायका सूप मांडीवर घेऊन तिच्या ओसरीवर बसायच्या, आणि सहावी, चिमाबाई, पुस्तक वाचायची. चिमाबाई सातवी शिकलेली. आवाज असा खणखणीत की पलीकडच्या मागांच्या खटखटीतही शब्द न् शब्द कळावा. चार वाजता नळाला पाणी आलं की पुस्तक बंद. आता वाचणारीचे हात अडकलेले, तर तिचा हजार कोण भरणार? त्यावर बायकांनीच रीत घातली होती. वाचन चालू असताना एक जुडी वळून झाली की प्रत्येकीनं आपल्यातल्या पाच विड्या चिमाबाईच्या सुपात टाकायच्या. पाच पंचे पंचवीस, तिचीही जुडी झाली.

किती जुड्या झाल्या ते बघायचं काम सोजरबाईचं. रोज वाचन संपलं की भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या दिवसाच्या घरात ती पेन्सिलीनं आकडा घालायची. पुस्तक पुरं झालं की सगळ्या आकड्यांची बेरीज, तिच्याभोवती गोल, आणि शेजारी त्या पुस्तकाच्या शेवटच्या पानाचा आकडा. हा शेवटचा आकडा कुणी मागितला नव्हता, ती तिची हौस होती. एवढं जाडजूड आपण ऐकलं, हे कुठंतरी राहावं असं तिला वाटायचं.

शहात्तर सालचा शेवटचा दिवस उजाडला. नवं कॅलेंडर कारखान्यातून आलं होतं. जुनं खाली उतरवताना सोजरबाईच्या मनात आलं, वर्षाची बेरीज तरी करावी. नवरा महिपती गिरणीत गेला होता, घरात ती एकटीच. जमिनीवर बसून तिनं बारा पानं पसरली आणि बोटांच्या पेरांवर मोजायला लागली.

पुस्तकं एकतीस. पानं पाच हजार आठशे सत्तर. तिचं तिलाच हसू आलं. तिच्या बापानं जन्मात एक पान वाचलं नव्हतं आणि लेकीनं वर्षात साडेपाच हजारांच्या वर ऐकली. मग तिनं जुड्यांची बेरीज धरली. तिला पक्कं ठाऊक होतं, एका जुडीत चिमाबाईची पाच पानं होतात. चिमाबाईचा आवाज पळत नाही की रेंगाळत नाही, आणि सोजरबाईचे हात तर घाण्याच्या बैलासारखे, एका चालीचे. पाच हजार आठशे सत्तर पानांना अकराशे चौऱ्याहत्तर जुड्या यायला हव्या होत्या. आल्या अकराशे चव्वेचाळीस.

तीस जुड्या कमी.

माणसाची बेरीज चुकते, म्हणून तिनं पुन्हा केली. तीच आली. मग एकेक पुस्तक धरून बघायला लागली. एकशेऐंशी पानं, छत्तीस जुड्या, बरोबर. दोनशे दहा पानं, बेचाळीस, बरोबर. कुठं फरक म्हणून नव्हता. जानेवारी ते आषाढ सगळं चोख, आणि दसऱ्यापासून आजपर्यंत पुन्हा चोख. मधलीच चार पुस्तकं आखूड निघाली. एकात सहा जुड्या कमी, एकात नऊ, एकात चार. आणि सगळ्यांत आधीचं, निळ्या पुठ्ठ्याचं, दोनशे चाळीस पानांचं, त्यात अकरा. सदतीसच जुड्यांत ते संपलं होतं.

निळं पुस्तक म्हटल्यावर सोजरबाईचा हात थांबला. ते पुस्तक ती मेल्यावरही विसरली नसती.

तिची एकुलती लेक म्हाळसा गेल्या वर्षी माढ्याला दिली होती. स्थळ आणलं ते चिमाबाईनं; नवरा धोंडीराम हा चिमाबाईच्या सख्ख्या भावाचा पोरगा. पंचमीच्या सणाला पोर माहेरी आली ती दंडावर चार बोटं उमटवून. ‘आई, मी आता जात न्हाय,’ एवढंच म्हणाली. महिपतीनं नेहमीसारखं अंग काढून घेतलं. ‘तुझी लेक, तू बघ,’ म्हणाला आणि पाळीला गेला. सोजरबाई कात्रीत सापडली. ठेवून घ्यावी तर लोक काय म्हणतील, पाठवावी तर काळीज तुटतंय.

आणि नेमकं त्याच दिवसांत निळं पुस्तक चालू होतं. त्यातली सूनही पंचमीला माहेरी आलेली, तिच्याही पाठीवर वळ. सोजरबाईचे हात वळत होते, पण जीव सगळा कानात. म्हाळसा उंबऱ्यावर गुडघ्यांत हनुवटी घालून ऐकत बसलेली. सोजरबाईनं दोनदा विचारलं होतं, ‘ती परत जाती ना गं?’ आणि चिमाबाईनं वाचलं होतं: ती परत गेली. उलटून बोलली नाही. सगळ्यांच्या मागून जेवली. मारलं तरी हसली. आणि नवरा सुधारला. शेवटच्या पानावर तर, तिच्या घरात आता हसणं परत आलं होतं, असं होतं. सगळ्या बायकांनी सुस्कारा सोडला. दुसऱ्या दिवशी म्हाळसानं आपणहून बोचकं बांधलं आणि सोजरबाईनं तिला माढ्याच्या एसटीत बसवून दिलं. पुढं दसऱ्यापर्यंत जेवढ्या पुस्तकांत मार खाणारी बाई आली, ती परत गेली आणि तिचं बरं झालं. सोजरबाई मनाशी म्हणायची, चार-चार पुस्तकं कशी खोटं बोलतील?

पुस्तकं खोटं बोलली नव्हती. आता तिच्या ध्यानात यायला लागलं.

कॅलेंडर गुंडाळून ती तशीच वाचनालयात गेली. वर्षभर पुस्तकं आणायचा मान चिमाबाईचा, सोजरबाईनं ती पायरी पहिल्यांदाच चढली. टेबलामागं बसणाऱ्या रावजींनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“चिमाबाईच्या नावावर द्या,” ती म्हणाली. “निळ्या पुठ्ठ्याचं, पाठीमागं दोनशे चाळीस आकडा. सून पंचमीला माहेरी येती ते.”

रावजींनी पुस्तक काढून दिलं. “परत वाचणार?”

“न्हाय,” सोजरबाई म्हणाली, “राहिलेलं वाचणार.”

दुपारी बायका जमल्या. चिमाबाई नवं पुस्तक घेऊन आली होती. सोजरबाईनं ते तिच्या हातातून काढून बाजूला ठेवलं आणि निळं तिच्या मांडीवर दिलं.

“पंचमीपासनं वाच,” ती म्हणाली. “आकडे मी बघणार हाय. आन् शब्द फिरवलास तर सांजच्याला रावजींकडनं पुन्यांदा वाचून घेईन.”

चिमाबाईचा चेहरा उतरला. तिनं एकदा बाकीच्यांकडं बघितलं, एकदा सोजरबाईच्या गुंडाळलेल्या कॅलेंडराकडं. बाई हुशार, तिला सगळं कळलं. सोजरबाईची शेजारीण नागम्मा म्हणाली, “काय झालं गं?”

चिमाबाई वाचायला लागली. सोजरबाई शेजारी बसून विड्या वळत होती आणि डोळे पानाच्या कोपऱ्यावर. एकशे शहाऐंशी. एकशे सत्त्याऐंशी. पुस्तकातली सून म्हणाली, मी परत जाणार नाही. आणि पुस्तकातली आई म्हणाली, या घरात तीन भाकरी होतात, चौथी थापायला मला किती वेळ लागतो? एकशे ब्याण्णव. नवरा न्यायला आला, आई दारात आडवी उभी राहिली. दोनशे चार. पुन्हा आला, पुन्हा उभी राहिली. लोक बोलले. आईनं ऐकून घेतलं आणि पोरीला शिवणाचं यंत्र घेऊन दिलं. चिमाबाईचा खणखणीत आवाज खाली खाली जात राहिला, पण सोजरबाईनं तिला थांबू दिलं नाही. चारला नळाला पाणी आलं. कळश्यांचे आवाज सुरू झाले. ओसरीवरची एकही बाई उठली नाही.

शेवटी ते वाक्य आलं: तिच्या घरात आता हसणं परत आलं होतं. घर माहेरचं होतं. यंत्र चालत होतं आणि आई भाकरी थापत होती. उलटून बोलली नाही, मागून जेवली, मारलं तरी हसली, नवरा सुधारला, यातलं पुस्तकात काहीसुद्धा नव्हतं. ती चार वाक्यं चिमाबाईच्या पदरची.

सोजरबाईनं जुड्या मोजल्या. अकरा. आपल्या वाट्याच्या पंचावन्न विड्या तिनं चिमाबाईच्या सुपात टाकल्या.

“घे, तुझ्या राहिल्या होत्या,” ती म्हणाली. “त्या वक्ताला घेतल्या न्हाईस. इमान हाय तुझं. विडी एक खाल्ली न्हाईस, पानं दीडशे खाल्लीस.”

खरंच होतं ते. न वाचलेल्या पानांच्या विड्या चिमाबाईनं घेतल्या असत्या, तर हिशेब जुळला असता आणि जन्मात कुणाला कळलं नसतं.

चिमाबाईनं डोळ्याला पदर लावला. “भावाचं घर मोडलं असतं गं. स्थळ म्या आणलेलं, माझं नाक कापलं असतं. म्हटलं, पोर नवी हाय, रुळंल. झाकली मूठ सव्वा लाखाची.” मग मान वर करून म्हणाली, “आन् तू तरी काय, सोजर? दोनदा इचारलंस, परत जाती ना म्हणून. तुझं तोंड बघितलं म्या. तुला बी तेच ऐकायचं होतं.”

हे खरं होतं, म्हणूनच ते जास्त झोंबलं. परकीनं गळा कापला असता तर रक्त तरी दिसलं असतं. हिनं केसानं कापला, आणि मान आपणच पुढं केली होती. सोजरबाईला चिमाबाईचा संताप आला, आणि त्याहून मोठा स्वतःचा.

मग तिला एकाएकी आठवलं. ती उठली, आत गेली आणि देव्हाऱ्यामागं खोचलेली तीन पोस्टकार्डं घेऊन आली. म्हाळसाची. चौथी शिकलेली पोर, अक्षर मोठं आणि वाकडं, पण कार्ड कडेपर्यंत भरलेलं. तिन्ही चिमाबाईनंच वाचून दाखवली होती. ‘खुशाल हाय, काळजी करू नका.’ झालं, संपलं. सोजरबाईच्या हाताला ते आठवत होतं. पुस्तकाचं पान पाच विड्यांचं असतं. हे पत्र तर एका विडीला सूत गुंडाळून होण्याआधीच संपलं होतं.

“ह्येला पानाचे आकडे न्हाईत,” ती म्हणाली. “म्हणून फसले. आता वाच.”

“नको, सोजर.”

“वाच.”

चिमाबाईनं वरचं कार्ड हातात घेतलं. दिवाळीनंतरचं होतं. मग ती वाचू लागली, आणि या खेपेला तिनं एक शब्द गाळला नाही.

“आईस म्हाळसाचा नमस्कार. आई, पुस्तकातल्या सुनेनं केलं तसं समदं मी केलं. उलटून बोलत न्हाय. समद्यांच्या मागनं जेवते. मारलं तरी हसते. तिचा नवरा सुधारला, माझा सुधारंना. माझं कुटं तरी चुकत असंल. चिमामावशीला पुस्तकात पुन्यांदा बघायला सांग, आन् मला कळव.”

नागम्मानं तोंडावर हात धरला. चिमाबाईच्या हातातून कार्ड सुपात पडलं. सोजरबाई रडली नाही. ते तिला पुढं करायचं होतं. तिनं कार्ड उचललं, तंबाखू झटकली आणि तिन्ही एकत्र करून निळ्या पुस्तकात घातली. सूप भिंतीला लावून ठेवलं. चारशे विड्या राहिल्या होत्या, वर्षात पहिल्यांदाच तिचा हजार भरला नव्हता.

“एसटी स्टँडवर जाते,” ती नागम्माला म्हणाली. “ह्यांना सांग, माढ्याला गेली. सकाळच्याला आमी दोघी येतो.”

“पुस्तक कशाला न्येतीस? दुसऱ्याच्या नावावरचं हाय की.”

सोजरबाईनं पुस्तक पदराखाली धरलं. चिमाबाईकडं तिनं वळूनसुद्धा बघितलं नाही.

“म्हाळसा चौथी शिकलीया,” ती म्हणाली. “तिची तिला वाचू दे.”