फोटोमागची ओळ

बाबा जाऊन एकवीस दिवस झाले होते. दुपारची भांडी पुसता पुसता आई म्हणाली, "त्यांच्या पानावरचा शेवटचा फोटो मुका आहे. तेवढी ओळ लिहून दे आणि मग जा."

मी परवा माझ्या शहरी परत निघणार होते; वर्षभरात हे माझं पहिलंच येणं.

आईची नजर गेली त्याला सहा वर्षं झाली. मागच्या वर्षी ती एकदा बाबांना म्हणाली, "तुमचा चेहरा विसरत चाललेय हो." बाबांनी जन्मभर पासपोर्टचे फोटो काढले. चेहरा विसरला जाणं हा त्यांना धंद्याचाच अपमान वाटला असावा. एक्काहत्तराव्या वर्षी ते गल्लीच्या टोकाच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये वेबपान बनवायला शिकू लागले. दर महिन्याच्या एक तारखेला पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहून स्वतःचा फोटो काढायचा, पानावर लावायचा आणि फोटोमागे एक ओळ लिहायची. ती ओळ आईचा फोन मोठ्याने वाचतो. फोनमधल्या त्या आवाजाला आई 'बातमीवाली' म्हणते, कारण काहीही वाचायला दिलं तरी ती कुठेतरी पूर आल्यासारखंच वाचते.

जानेवारी ते सप्टेंबर, नऊ फोटो. आठांना ओळी होत्या. नवव्याशी आल्यावर बातमीवाली नुसतं "छायाचित्र, नऊ" म्हणायची आणि गप्प व्हायची.

पुस्तकांची मुद्रितं तपासणं हे माझं काम. छापून आलेल्या पानात एक स्वल्पविराम चुकलेला दिसला तरी मला दिवसभर खुपतो. पण वेबपानं ज्या भाषेत लिहितात ते एचटीएमएल मला येत नव्हतं. मी क्लासमध्ये गेले.

एकच खोली, सहा कॉम्प्युटर, भिंतीवर कळफलकाचा उडालेल्या रंगाचा तक्ता. क्लासच्या बाईंनी मला पाहिल्याबरोबर एक खुर्ची पुढे ओढली. "काकांची मुलगी ना? बसा. ही त्यांचीच. डुगडुगते, पण बदलू द्यायचे नाहीत. म्हणायचे, हिच्यामुळे मला डुलकी लागत नाही."

त्यांनी तासाभरात मला पायाभूत गोष्टी दाखवल्या. दोन कोनी कंसांत ठरलेला शब्द ठेवला की तो टॅग. टॅग उघडायचा, मजकूर लिहायचा, तिरकी रेघ देऊन टॅग बंद करायचा. मथळ्याचा वेगळा, परिच्छेदाचा वेगळा.

"बंद करायला विसरलं तर?"

"कधी काहीच होत नाही. कधी तिथून खालचं सगळं ठळक होऊन बसतं. तुमच्या बाबांचं झालं होतं. मला हाक मारून म्हणाले, बाई, पान ओरडायला लागलं!"

मग फोटोचा टॅग. त्यात फोटोचा पत्ता लिहायचा आणि पुढे 'आल्ट' म्हणून एक जागा असते, तिथे फोटोचं वर्णन. "ज्याला फोटो दिसत नाही त्याच्यासाठी," बाई म्हणाल्या. "ज्याला दिसतो त्याला फक्त फोटो दिसतो, वर्णन दिसत नाही. हे सांगितल्यावर काका खूप हसले होते. म्हणाले, म्हणजे हिला एक सांगायचं आणि पोरीला एक, अशी सोय आहे की!"

मीही हसले.

घरी येऊन मी बाबांचा कॉम्प्युटर लावला आणि फाइल उघडली. कोनी कंसांच्या गर्दीत बाबांचा आवाज जागच्या जागी होता. जानेवारी: 'मी. पांढरी भिंत. पोट जागेवर, कान दोन्ही.' एप्रिल: 'मी. केस मोजके पण इमानी.' जुलै: 'मी. अगदी तसाच. तू सोडून गेलीस तर दुसरी सहज मिळेल.' ऑगस्ट: 'मी. दुसरी मिळाली नाही.' नवव्या फोटोच्या टॅगमध्ये फक्त पत्ता होता. पुढे काही नाही.

बाई म्हणाल्या होत्या, कोड वाचून झाला की तेच पान ब्राउझरमध्ये उघडून बघायचं. मी उघडलं.

जानेवारीतले बाबा मी ओळखत होते. मार्चमध्ये कॉलर आणि मान यांच्यामध्ये दोन बोटं जातील एवढी जागा होती. मेमध्ये गालांची हाडं वर आली होती. जूनपासून रंग बदलला. फोटोत रंग चुकला असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि मागच्या भिंतीकडे पाहिलं. भिंत पांढरीच होती. सप्टेंबरमध्ये राखाडी स्वेटर एका खांद्यावरून उतरला होता आणि डोळ्यांतलं पांढरंसुद्धा पिवळं होतं.

मी माउस सोडला. 

चार दिवसांचं दुखणं, असं मी सगळ्यांना सांगत होते. मी पोचले तेव्हा अंत्यविधीही उरकला होता. डॉक्टर म्हणाले होते, आजार जुना आहे, बाबांना माहीत होतं. मी डॉक्टरांशी भांडले होते. बाबा कधी फोनवर कॅमेरा लावू द्यायचे नाहीत. म्हणायचे, "हिला दिसत नाही, मग आपण दोघांनीच का बघायचं?" मला ते फार छान वाटायचं. मी ते मैत्रिणींना सांगायचे.

मी फोन काढून जानेवारीपर्यंत मागे गेले. 'पान तयार झालं. हा पत्ता. बघ.' मग दर महिन्याला, 'नवा फोटो लावला.' नऊ निरोप. प्रत्येकाखाली माझा उभा अंगठा.

पान मी एकदाही उघडलं नव्हतं. रविवारी निवांत बघू, असं म्हणत राहिले होते.

आई दारात उभी होती. "झालं का गं?"

"होतंय," मी म्हटलं, आणि बाबांच्याच थाटात लिहिलं: 'मी. पांढरी भिंत. पोट अजून जागेवर.' बाईंनी दाखवलं तसं पान वर चढवलं. आईने फोन कानाशी धरला. बातमीवालीने पुराची बातमी दिली.

आईने फोन खाली ठेवला. मग म्हणाली, "पोट त्यांचं फेब्रुवारीतच गेलं होतं."

"तुला माहीत होतं?"

"डोळे गेलेत माझे. हात आहेत की. शेजारी झोपणारा माणूस अर्धा झाला तर कळणार नाही?"

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुला काय सांगायचं?" आईचा चेहरा माझ्या आवाजाकडे वळला. "ते म्हणाले, पोरीला मी दाखवलंय, तिचा अंगठाही आलाय. तुझा फोन आला की मी वाट बघायचे, आज विचारेल, आता विचारेल. तू आपली हवापाण्याचं बोलायचीस. ते म्हणायचे, तिच्याने बोलवत नसेल, छेडू नकोस."

बाहेर कुणीतरी जिन्यावरून सामान चढवत होतं. ते वर पोचेपर्यंत मी थांबले. गप्प राहिले असते तर गोष्ट तिथेच मिटली असती. मला दुःखाने बोलता येत नव्हतं, असंच आई समजत राहिली असती.

"आई, मी पाहिलं नव्हतं."

"म्हणजे?"

"पान उघडलंच नव्हतं. नुसता अंगठा द्यायचे."

"नऊ महिने?"

"नऊ महिने."

आईच्या हातात भांडी पुसायचं फडकं होतं. तिने त्याची चौघडी केली, मोडली, पुन्हा केली. "अगं, तो माणूस पहिल्या तारखेला दाढी करून उभा राहायचा," ती म्हणाली. "शेवटी शेवटी भिंतीला धरून."

मी रडले नाही. तो हक्क मला आहे असं वाटलं नाही.

बऱ्याच वेळाने ती चाचपत आली आणि माझ्या शेजारी स्टुलावर बसली. "आता पाहिलंस ना?"

"हो."

"मग सांग. बारीक किती झाले ते मला सांगू नकोस, ते ठाऊक आहे. डॉक्टर पिवळे, पिवळे म्हणत होते. कसे पिवळे? हाताला रंग कळत नाही."

मी नवव्या फोटोकडे पाहिलं. "जुन्या पुस्तकाचं पान असतं ना, कडेला. तसे."

"डोळे?"

"तेही."

"बघतायत कुठे?"

"समोर. सरळ कॅमेऱ्यात."

तिने मान हलवली. मी माझी खोटी ओळ पुसली आणि नवी लिहिली: 'बाबा. पांढरी भिंत. राखाडी स्वेटर, एका खांद्यावरून उतरलेला. चेहरा आणि डोळे पिवळे, जुन्या कागदासारखे. दाढी केलेली. समोर बघतायत.' अवतरणचिन्ह बंद केलं, कंस बंद केला. बातमीवालीने ती ओळ वाचली. आईने तिला ती पुन्हा वाचायला लावली.

मी कर्सर वर, जानेवारीवर नेला. "याही बदलू का?"

"हात लावू नकोस त्यांना," आई म्हणाली. "त्या आठ माझ्या आहेत. ही एवढी तुझी."