सशाची शिंगं

ओबुलक्काचं नाव घेतल्याशिवाय मी तोंडात घास घालत नाही. लोक हसतात, हसू देत.

आमच्या अनंतपूरकडच्या टेकड्यांवर खडकांच्या फटींत बोटाएवढ्या जाड, चौकोनी, रसाळ काड्या उगवतात. त्यांना आम्ही सशाची शिंगं म्हणतो. मेंढरांमागे हिंडताना पोटात कावळे ओरडायला लागले की मोडायची आणि चावायची. कडवट-आंबट लागतात, पण भूक-तहान दोन्ही भागते.

यंदा एक व्यापारी आला. पोटभर जेवणाऱ्यांना भूक मारायला याच्या गोळ्या लागतात म्हणे! त्याला या काड्यांच्या जाळ्या मुळासकट हव्या होत्या. आम्ही धनगरांनी महिन्याभरात टेकडी बोडकी केली. मी सगळ्यांत पुढे. उरला एकट्या ओबुलक्काचा खडक. म्हातारी काठी घेऊन राखण करायची. "मुळाला हात लावलास तर हात मोडीन, नारप्पा!"

ती मेंढरं घेऊन लांब गेलेली बघून मी पोतं घेऊन चढलो. घरी थाप मारली होती, शहरात जातोय, चार दिवसांनी येईन. एक जाळी उपटली, दुसरीला हात घालताना पाय सटकला. खालच्या कपारीत नडगी दगडाखाली अडकून मोडली.

ओरडून घसा बसला. मला शोधायला कुणी निघणार नाही, अशी सोय मीच करून आलो होतो. हाताशी एकच जाळी होती. दोन दिवस तिच्याच काड्या चावल्या. बूड मात्र राखलं. उपटायला हात धजेना.

तिसऱ्या सकाळी वरून ओबुलक्का डोकावली.

"मेला नाहीस अजून?"

बसत-घसरत ती खाली आली, तिनं ताक पाजलं, काठी घालून दगड उचकटला. मी लाजेनं रडत होतो.

"अक्का, मी चोरी करायला आलो होतो."

"आंधळी आहे का मी? परवा पोतं घेऊन चढताना दिसलास. म्हटलं, गेला खडक. दोन दिवस इकडे बघवेना."

"मग आज कशी आलीस?"

तिनं ओच्यातून मूठभर हिरव्या काड्या काढल्या.

"तू उपटलंस तिथं लावायला."

वर चढून तिनं आधी काड्या लावल्या, मग माणसं बोलवायला उतरली. ती लावत होती तोवर मी खालून कळा सोसत तिच्याकडे बघत राहिलो. जन्मात एवढं बरं वाटलं नव्हतं.