लिफ्टवाल्याचा जुना दोस्त

ऑफिसात त्याला सगळे मस्का म्हणत. विमा कंपनीचा तपासनीस. पण ओळखपत्र खिशात दडवून आधी भलताच कुणीतरी बनून जायचा. एकदा एका 'वारलेल्या' इसमाच्या घरी त्याने लॉटरी लागल्याचा निरोप धाडला, तर वारलेले गृहस्थ स्वतः सही करायला हजर. त्याचं हत्यार एकच: वाक्य अर्धं सोडायचं. उरलेलं समोरचा भरतो.

या खेपेची केस लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याची. बावीस वर्षं तेच काम केलेला माणूस पाचव्या मजल्यावरून लिफ्टच्या खड्ड्यात पडला. पॉलिसी जेमतेम आठ महिन्यांची.

"उडी तरी असेल, नाहीतर आजार लपवला असेल," साहेब म्हणाले. "दोन्हीत बायकोला काही मिळत नाही. शोध."

सोमवारी दुपारी मस्का चेहरा पाडून त्या माणसाच्या दारात उभा. "आम्ही दोघं एकाच वर्कशॉपात शिकाऊ होतो, वहिनी. परवा कळलं."

"या ना भाऊजी."

खुंटीवर हत्यारांची पिशवी तशीच होती. मस्काने ठोकून दिलं: शिकाऊ असताना दोघं लिफ्टमध्ये अडकले, आणि सुटकेला आलेल्या मालकाला तुमच्या ह्यांनी आतूनच विचारलं, 'कितवा मजला हवाय?' वहिनी कितीतरी दिवसांनी हसली असावी. तिने आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "आई, ऐका हे." अंथरुणावरच्या सासूसाठी मस्काने तीच गोष्ट तिखटमीठ लावून पुन्हा सांगितली.

मग हळूच म्हणाला, "शेवटी भेटला तेव्हा सांगत होता, ते आपलं…"

"चक्कर येण्याचं?" वहिनीचे डोळे भरले. "तुम्हाला बोलले होते? डॉक्टरकडे चला म्हटलं की म्हणायचे, काम जाईल. मला वाटायचं, दोन वर्षं एकट्यानेच सोसलं. बरं झालं बाई, दोस्ताजवळ तरी मन मोकळं केलं."

खिशातला फोन सगळं टिपत होता. एरवी मस्काला उकळ्या फुटल्या असत्या. आज त्याचे कान तापले.

"भाऊजी, गुरुवारी तो विम्याचा माणूस येणार. असल्या लोकांपुढे माझी बोबडी वळते. माझ्याजवळ बसाल?"

"बसतो की," तोंडातून निघून गेलं.

बुधवारी त्याने फोनमधलं बोलणं पुसलं आणि अहवालात 'पाय घसरून अपघात' लिहिलं. उघडकीला आलं तर नोकरी जाणार. पण आपल्याकडून फिट्टंफाट झाली, असं त्याला वाटलं.

गुरुवारी वहिनीने तीन खुर्च्या मांडल्या होत्या. दोन शेजारी, एक समोर.

"बसा भाऊजी. त्या मेल्याचा अजून पत्ता नाही."

"आलाय," मस्का म्हणाला आणि ओळखपत्र टेबलावर ठेवलं.

तिने ते उचललं. फोटो पाहिला, मग त्याच्याकडे पाहिलं.

"पैसे मिळतील वहिनी. चक्कर येण्याचं कुठेच लिहिलेलं नाही. मी फक्त…"

वाक्य अर्धंच राहिलं. तिने ते भरलं नाही.

"आणि लिफ्टमध्ये अडकलात ते?"

"बनवलेलं."

"म्हणजे ह्यांनी बाहेर कुणालाच सांगितलं नव्हतं." ती स्वतःशीच बोलल्यासारखी बोलली.

आतून सासूचा आवाज आला. "कोण गं? माझ्या पोराचा दोस्त आला का? त्याला म्हणावं, ती मजल्याची गोष्ट परत सांग."

वहिनीने ओळखपत्र त्याच्या हातात दिलं. "जा. खरं काय ते त्यांना तुम्हीच सांगा, साहेब."

आतली खोली चार पावलांवर होती. मस्काला तिथवर पोचायला बराच वेळ लागला.