पाच थेंब पांढरा

निळा बारा, काळा तीन, पांढरा पाच.

"हा नाही," म्हातारा म्हणाला.

चौथा चमचा. सगळे ज्याला थेंब्या म्हणत, तो छोट्या मॉडेलांसाठी रंग बनवून द्यायचा: थेंब मोजायचे, प्लास्टिकच्या चमच्यावर फासायचे, हेअर ड्रायरने वाळवायचे. अकरा वर्षांत एकही बाटली परत आली नव्हती. आज त्याचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता.

म्हाताऱ्याने घरी पत्र्याची फेरीबोट बनवली होती, हातभर लांब, बिनरंगाची; ती टेबलावर ठेवली होती. खरी गेल्या महिन्यात भंगारात निघाली. तिच्या रंगाचा उरला होता नखाएवढा पापुद्रा, कागदात जपलेला.

निळा बारा, काळा चार, पांढरा पाच.

"हा तर आजारी दिसतोय."

"काका, पापुद्र्याशी ताडून बघितलाय."

"मग वरून पांढरा कशाला ओतता?"

आतून थेंब्याची बायको म्हणाली, "सांगा आता. मला तर पाठ झालंय."

"लांबची वस्तू फिकी दिसते, काका. एवढीशी बोट म्हणजे लांबून पाहिलेली बोट. पांढरा नाही घातला तर काळीकुट्ट, खेळण्यासारखी दिसते. नवशिके हमखास हीच चूक करतात."

म्हाताऱ्याने मान हलवली.

"मी नाही पाहिली लांबून."

"म्हणजे?"

"मी तिचा रंगारी. दोरांवर फळी टांगून बसायचो. बत्तीस वर्षं. नाक आणि पत्रा, मधे वीतभर. एक टोक रंगवून होईतो दुसरं गंजलेलं."

"आणि भंगारात नेली तेव्हा?"

"तेव्हा घरात बसून होतो. दार लावून."

थेंब्या उठला. बसला. पुन्हा उठला. पांढरा न घालता रंग दिला की मॉडेलवाले म्हणणार, थेंब्याचा हात गेला. म्हणणार म्हणजे म्हणणारच. ते हसतील, गिऱ्हाईक तुटेल.

त्याने पांढऱ्याची बाटली उचलून मागच्या फळीवर ठेवली.

निळा बारा, काळा तीन.

या वेळी चमचा नाही. थेट बोटीच्या नाळेवर, पुढच्या टोकावर. रंग जड बसला, काळपट. दुसऱ्या कुणाचा असता तर थेंब्याने खरवडायला लावला असता.

म्हाताऱ्याने बोट उचलली. तोंडाजवळ आणली, वीतभर अंतरावर. मग आणखी जवळ. त्याचा मोकळा उजवा हात हवेत वर गेला, खाली आला. वर, खाली. प्रत्येक फेरीच्या शेवटी मनगट जरासं वळत होतं, ब्रश फिरवताना वळतं तसं.

बायको दारात येऊन उभी राहिली.

रंग ओला आहे, हे दोघांपैकी कुणीच सांगितलं नाही. म्हाताऱ्याच्या नाकाच्या शेंड्याला निळं लागलं होतं.