स्वस्त प्लेट, ताबडतोब ताबा

मंदी आली आणि शहापूरला हायवेवरच्या निम्म्या इस्टेट एजंटांनी मोबाइल रिचार्जची दुकानं थाटली. जयरामशेठ तेवढे हटले नाहीत. मुंबईची माणसं प्लॉटसाठी रांग लावायची, तेव्हा शेठनी पांढरे बूट घेतले होते. आता गाडी थांबायची ती नाशिकचा रस्ता विचारायला. बूट मात्र रोज चकचकीत!

शेवटी महिनाअखेर गाळा सोडून मुरबाडला मामाकडे राहायला जायचं ठरलं. शेठची लेक अक्षदा हटून बसली. परवाच ती शाळेच्या कबड्डी संघाची कप्तान झाली होती. कप्तानपद काय दप्तरात घालून मुरबाडला नेता येतं?

"गिऱ्हाइकांच्या चहाचा स्टोव्ह पडलाय मागं. मी भजी तळते," तिची आई अनिता म्हणाली.

"जयरामशेठची बायको भजी विकणार? नाय म्हंजे नाय!"

रविवारी शेठ दाढीला गेले. आईनं कढई चढवली. अक्षदा रंगाचा ब्रश घेऊन शेठच्या फिरत्या खुर्चीवर चढली. खुर्ची गरकन फिरली, ब्रश नाकाला लागला, पण पोरगी पडली नाही. वर पाटी होती: 'येथे स्वस्त एन.ए. प्लॉट मिळतील. ताबडतोब ताबा!' तिनं 'प्लॉट'चा काना खरवडला, चंद्राची मात्रा केली. झालं 'प्लेट'!

"शेठ, तुमच्या दारात गाड्या थांबल्यात!" न्हावी ओरडला.

शेठ एका गालाला फेस घेऊन धावत सुटले. खरंच, चार गाड्या! "या साहेब, या! एकदम रोडटच, टायटल क्लिअर!"

"ते असू द्या हो," साहेब तोंडातलं भजं सांभाळत म्हणाले, "चटणी आहे का?"

शेठनी पाटी वाचली. पुन्हा वाचली. अक्षदा खुर्चीमागं दडली.

"आणखी दोन प्लेट मिळतील?" साहेबांनी विचारलं.

शेठनी फेस पुसला. जिभेची सवय कुठं जाणार?

"लवकर बुक करा साहेब. फक्त दोनच उरल्यात, मागून पार्टी येतेय!"

संध्याकाळी पांढऱ्या बुटांवर तेलाचे डाग होते. मालकाला परत द्यायला काढलेली गाळ्याची चावी शेठनी पुन्हा खिळ्याला अडकवली.

"अक्षे, ते 'एन.ए.' पुसायचं राहिलं गो."

"राहू दे बाबा. नाश्ता, अनिताचा!" म्हणत कप्तान मैदानाकडे पळाली.